रेल्वे-इतिहासाचा क्लब काढायचाय? आधी कूलर बंद करा

दर दोन-चार वर्षांनी नागपुरात कोणीतरी उठतं आणि म्हणतं, "चला, रेल्वेवेड्यांचा एक क्लब काढू." पहिल्या रविवारी सीताबर्डीवर पंधरा जण जमतात, तर्री पोहे होतात, क्लबच्या नावावर तासभर वाद होतो. बोधचिन्हातलं इंजिन डावीकडे तोंड करून असावं की उजवीकडे, यात दुसरा तास जातो. तिसऱ्या रविवारी तिघंच उरतात. हे मी दोनदा पाहिलंय, आणि एकदा त्या तिघांतला एक मीच होतो. म्हणून नाव आणि बोधचिन्ह या यादीत अगदी शेवटी येतील, आले तर.

सुरुवात एका जाड पुठ्ठ्याच्या वहीने करा. तीत ओळखीतल्या निवृत्त रेल्वेवाल्यांची नावं लिहा. अजनी, मोतीबाग, जरीपटका, इतवारी या भागांत ज्याच्या नात्यात किंवा गल्लीत रेल्वेवाला नाही, असा नागपूरकर मला तरी भेटलेला नाही. ड्रायव्हर आणि गार्ड सगळ्यांनाच आठवतात. फायरमन, पॉइंट्समन, गँगमन, केबिनवाले, पार्सल बाबू, डब्यांचे फिटर यांची नावं मुद्दाम शोधून लिहा. प्रत्येक नावापुढे वय टाका आणि वही वयाच्या उतरत्या क्रमाने लावा. तोच तुमचा कामाचा क्रम. इतवारीहून छिंदवाड्याला जाणारी छोटी लाइन, म्हणजे अरुंद रुळांची नॅरोगेज, 2015 मध्ये बंद पडली, नागभीडची नोव्हेंबर 2019 मध्ये. मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात 14 डिसेंबर 2002 पासून इंजिनं नि डबे ठेवलेले आहेत, ते आणखी वीस वर्षंही तिथे भेटतील. पावसाळ्यात कोणत्या वळणावर चाकं घसरायची आणि मग वाळू कोण टाकायचं, हे सांगणारा माणूस आज ब्याऐंशी वर्षांचा असेल, तर त्याच्याकडे याच महिन्यात जायला हवं.

जाताना तयारी काय? मोबाइल पुरतो, पण तीनेकशे रुपयांचा कॉलरचा माइक सोबत घ्या आणि फोन विमान मोडवर टाका. मुलाखती दिवाळी ते होळीच्या दरम्यान उरका. यामागे कूलर आहे. आमची पहिली मुलाखत मे महिन्यात झाली. ठरलेल्या घरी खिडकीत भला मोठा लोखंडी कूलर धडधडत होता. आजोबा दोन तास बोलले, आम्ही माना डोलावल्या, घरी येऊन ऐकलं तर त्यात निव्वळ कूलर, आणि मधूनमधून "मग काय बाप्पा" एवढंच. पंचेचाळीस अंशांत म्हाताऱ्या माणसाला कूलर बंद करा म्हणवत नाही. तेव्हा हिवाळा बघा, नाहीतर सकाळी सातला जा.

"तुमच्या आठवणी सांगा" असं विचारलं की भाषण मिळतं, आठवण मिळत नाही. हातात घेता येईल अशी वस्तू विचारा. दुसऱ्या खेपेला आम्ही त्याच आजोबांना विचारलं, की ड्यूटीवर निघताना पेटीत काय काय असायचं? ते गार्ड होते. उठले, पलंगाखालून काळी पत्र्याची पेटी ओढली आणि रिकाम्या पेटीतल्या जागा बोटाने दाखवायला लागले. इथे दोन लाल झेंड्या आणि एक हिरवी, इथे हातबत्ती, या डबीत धोक्याच्या इशाऱ्यासाठी रुळावर लावायचे फटाके, इथे नियमांचं पुस्तक, आणि कोपऱ्यात भाकरीचा डबा, "हा सरकारी नाही." त्या कोपऱ्यापासून पुढे चाळीस मिनिटं आम्हाला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. मुलाखत झाल्यावर कागदावर सही घ्यायला विसरू नका. ध्वनिमुद्रण कोण वापरणार, नाव छापायचं की नाही, एवढ्या दोन ओळी मराठीत लिहिलेल्या असल्या की पुरे.

कागदपत्रांच्या बाबतीत माझा हात पोळलेला आहे, म्हणून जरा लांबण लावतो. एका काकूंनी त्यांच्या सासऱ्यांच्या वेळचं बंगाल-नागपूर रेल्वेचं वेळापत्रक विश्वासाने माझ्याकडे दिलं. पानं सुटत होती. मी शहाणपणा केला आणि चौकातल्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणलं. उष्णतेने शाई पसरली, पानं कायमची प्लॅस्टिकमध्ये अडकली. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि टीव्हीच्या मागे ठेवलं. तेव्हापासून आमचा नियम ठरलाय. जुना कागद लॅमिनेट करायचा नाही, सेलोटेप लावायची नाही, पिना काढून टाकायच्या. फोटोच्या मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला. स्कॅन निदान 600 डीपीआयवर, मूळ प्रत आठ दिवसांत परत, आणि घेताना पोच द्यायची. स्कॅनच्या फाइलच्या नावात मालकाचं आडनाव आणि तारीख टाका, नाहीतर वर्षभराने "फोटो 0043" कोणाच्या घरचा यावरून भांडणं लागतात.

आता, क्लब नेमका कशाचा हे एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा. "रेल्वेचा इतिहास" हे उत्तर नव्हे. नागपुरात तर अजिबात नव्हे, कारण इथे हात घालावा तिथे गाडी निघते. भुसावळकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1867 मध्ये इथे पोचली ती ब्रॉडगेजवर, आणि दहा वर्षांनी, 1 जानेवारी 1877 ला, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस आणि रूळ यांची जोडी इथूनच मांडता येते. पूर्वेकडे नागपूर-छत्तीसगड रेल्वे निघाली ती मीटरगेज. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुड्यात 762 मिलिमीटरची नॅरोगेज पसरली. म्हणजे तिन्ही रुंदींचे रूळ या गावाने पाहिले. शिवाय 1929 मध्ये बल्लारशाह-काझीपेठ जोडलं गेलं आणि दिल्ली-मद्रास वाट नागपूरवरून थेट झाली. एवढ्या पसाऱ्यात पंधरा माणसं हरवतात. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं फक्त छोटी लाइन घ्या, कारण ती वापरलेली माणसं अजून आहेत. आणि डायमंड क्रॉसिंग, म्हणजे रूळ एकमेकांना आडवे छेदतात ती जागा, कृपा करून टाळा. ते "खरं डायमंड" आहे की नाही या वादात चांगल्या मैत्र्या तुटलेल्या मी पाहिल्यात.

परवानग्यांचा गोंधळ नागपुरात दुप्पट, कारण इथे रेल्वेचे दोन नागपूर विभाग आहेत. नागपूर स्टेशन आणि अजनी मध्य रेल्वेकडे, तर इतवारी आणि मोतीबाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे. पत्र विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे लिहायचं, पण कोणत्या विभागाच्या ते आधी नकाशात बघा. आमचं पहिलं पत्र चुकीच्या विभागाला गेलं होतं, आणि चूक सर्वस्वी आमची होती. पत्रात तारीख, वेळ, किती माणसं, कुठून कुठपर्यंत आणि कॅमेरे किती हे लिहा. "इतिहासाचा अभ्यास" असं मोघम लिहिलं की पत्र टेबलावर पडून राहतं. नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, की प्लॅटफॉर्म तिकीट दोन तासांचं असतं, आणि फोटोसाठी रुळांत उतरलात तर रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. क्लबच्या नावावर एक केस पडली की पुढची सगळी पत्रं फुकट.

नोंदणीची घाई नको. तिच्यासाठी किमान सात जण लागतात, घटना आणि नियमावली लिहावी लागते, कार्यालयाच्या जागेचं संमतीपत्र लागतं, आणि धर्मादाय कार्यालयात 1860 चा संस्था नोंदणी कायदा नि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा अशा दोन्हींखाली काम होतं. त्यानंतर दरवर्षी हिशेबतपासणी, आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे तो बदल कळवणारा अर्ज. वर्षभर टिकलात तर करा. तोवर महिन्याला शंभर रुपये वर्गणी, दोघांच्या सहीचं खातं आणि खर्चाची साधी वही पुरेशी आहे. जागेसाठी वाचनालयाची खोली मागा. कोणाच्या घरी बैठका ठेवल्या की चहा करणारी व्यक्ती दोन महिन्यांत वैतागते, आणि ती सभासद नसते.

वार्षिक दिवस ठरवायचा असेल तर सगळे 16 एप्रिल म्हणतील, 1853 ची बोरीबंदर-ठाणे गाडी म्हणून. एप्रिलातलं नागपूरचं ऊन ज्याने पाहिलंय तो असं म्हणणार नाही. आपल्याला 15 जानेवारी आहे. 1925 मध्ये याच तारखेला सध्याच्या नागपूर स्टेशनच्या इमारतीचं उद्घाटन तेव्हाचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी केलं. थंडी असते, संत्री असतात.

पहिली सहल इतवारीहून सावनेरला न्या. नागपूर स्टेशनच्या इमारतीचा वालुकाश्म सावनेरकडचा आहे, ही गोष्ट गाडीत सांगायला बरी. आता तिथे ब्रॉडगेज आहे, त्यामुळे छोटी गाडी मिळणार नाही. खिडकीतून बघायचं ते जुन्या स्टेशनांच्या खुणांसाठी: मधेच उभा एखादा कौलारू खोपटा, झाडीत गेलेला भराव, नव्या रुळांपासून हातभर बाजूला राहिलेला दगडी मोरीचा खांब. प्रत्येकाच्या हातात वही द्या आणि पिवळ्या पाट्यांवर लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची स्टेशनागणिक टिपायला सांगा. निम्मे जण फोटो काढत बसतील. उरलेल्या निम्म्यांची नावं त्या जाड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या रविवारी फोन त्यांनाच करायचाय.