लकवाग्रस्तांच्या पुनर्वसनावर ग्रामीण विदर्भात संशोधन करताना या चुका टाळा

गडचिरोलीच्या खेड्यांत ‘सर्च’ संस्थेने केलेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लकवा हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण आढळले. या आजारातून जे वाचतात, त्यांच्या पुनर्वसनावर आपल्या भागात चांगले अभ्यास व्हायला हवेत. पदव्युत्तर विद्यार्थी आणि फिजिओथेरपिस्ट ते मनापासून हातीही घेतात. मात्र असे अभ्यास आकडेमोडीत क्वचितच फसतात; ते बहुधा त्याआधीच, म्हणजे रुग्ण निवडताना, मोजमाप करताना आणि रुग्ण पुन्हा आला नाही तेव्हा फसलेले असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तुलनेचा गट न ठेवणे. लकव्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मेंदूची नैसर्गिक भरपाई वेगाने होत असते, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात घेतलेला रुग्ण दहाव्या आठवड्यात सुधारलेला दिसला, तर त्याचे श्रेय आपल्या व्यायामपद्धतीला देता येत नाही. रुग्ण कमी मिळत असतील तर लकवा होऊन सहा महिने उलटलेले रुग्ण घ्यावेत आणि उपचार सुरू करण्यापूर्वी काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीनदा मोजमाप करून स्थिती स्थिर असल्याची खात्री करावी. दोन गट पाडताना कोणाला कोणता गट मिळणार हे रुग्णाची निवड पक्की होईपर्यंत बंद पाकिटातच राहिले पाहिजे, अन्यथा होतकरू रुग्ण नकळत नव्या उपचाराकडे वळवला जातो. उपचार लाभदायकच असणार हे गृहीत धरणेही धोक्याचे आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅव्हर्ट’ चाचणीत 2104 रुग्णांपैकी एका गटाला 24 तासांच्या आत, नेहमीपेक्षा लवकर आणि अधिक वेळा उठवून चालवण्यात आले. तीन महिन्यांनंतर त्याच गटात चांगले निकाल कमी निघाले.

मोजमापाबाबत थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. रोजची कामे रुग्ण स्वतः किती करू शकतो हे गुणांत मोजणारा बार्थेल निर्देशांक खुर्ची, पलंग, जिना आणि शौचालय यांची दखल घेतो, पण जमिनीवर मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे, चुलीपुढून उठणे किंवा शेताच्या धुऱ्यावरून चालणे त्यात नाही. 100 पैकी 100 गुण मिळवलेली शेतकरी महिला घरी गेल्यावर परावलंबी असू शकते. यावर उपाय म्हणून मूळ निर्देशांकात स्वतः बदल करू नयेत, कारण मग त्याची इतर अभ्यासांशी तुलना होत नाही. अशा कामांची वेगळी यादी आधीच ठरवून जोडीला वापरावी. प्रमाण मराठीतील प्रश्नावली वऱ्हाडी किंवा गोंडी बोलणाऱ्या वृद्धांवर आधी तपासून पाहावी. दुभाष्या म्हणून नातवाला बसवले की आजोबांऐवजी तोच उत्तरे देऊ लागतो. आणि ज्याने उपचार केले त्यानेच शेवटचे मोजमाप कधीही करू नये.

रुग्ण पुन्हा न येण्याला ‘सहकार्याचा अभाव’ म्हणणे अन्यायाचे आहे. पूर्व विदर्भात जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते, पश्चिमेकडे दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. रुग्णासोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. न आलेल्यांमध्ये बिघडलेले रुग्ण असतात, तसेच बरे होऊन कामाला लागलेलेही असतात, म्हणून त्यांना वगळून केलेले विश्लेषण दिशाभूल करते. वेळापत्रक हंगाम पाहून आखावे, प्रवासखर्चाची तरतूद नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्यावी, शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक नोंदवावा आणि रुग्णाची संमती घेऊन आशाताईंची मदत घ्यावी. रुग्ण किती परावलंबी आहे याची पातळी ठरवणारे सुधारित रँकिन मापन दूरध्वनीवरही करता येते, त्यामुळे रुग्ण रुग्णालयात आला नाही तरी मुख्य निष्कर्षाची नोंद हातची जाऊ नये. ज्याला जो गट मिळाला, त्याच गटात त्याची गणना करावी.

‘घरी व्यायाम सांगितला’ एवढ्यावर उपचाराचे वर्णन संपवू नये. भारतातील 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीचे निकाल 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन घरी पुनर्वसन केलेल्या गटात आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्वाचे प्रमाण सारखेच, 47 टक्के, होते. अशा निकालाचा अर्थ लावायचा तर घरी प्रत्यक्ष किती मिनिटे, कोणता व्यायाम आणि किती वेळा झाला याची नोंद लागते. लिहिता-वाचता न येणाऱ्या घरांसाठी चित्रांपुढे खूण करण्याची वही पुरेशी ठरते.

अंगठा घेऊन संमती घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा. चाचणीची सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच करावी, कारण 1 एप्रिल 2018 पासून ती मागाहून स्वीकारली जात नाही. नैतिकता समितीची मंजुरी घेतलेली असूनही नोंदणी राहून गेली असेल, तर शोधनिबंधात ते स्पष्ट लिहावे, त्या कामाला पूर्वतयारीचा अभ्यास म्हणावे आणि मुख्य चाचणी नव्याने नोंदवून सुरू करावी.