बाटली खरोखर व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आहे का, हे कसे ओळखावे

मुंबईच्या चोरबाजारात उठावाच्या इंग्रजी अक्षरांची कोणतीही बाटली ‘राणीच्या काळची’ म्हणूनच पुढे केली जाते. तो काळ १८३७ ते १९०१ एवढाच आहे आणि बाटली त्यात बसते की नाही, हे ठरवणेच या छंदातले खरे कठीण काम आहे. काचेतले बुडबुडे हा जुनेपणाचा पुरावा असल्याचे सांगणाऱ्याकडे साफ दुर्लक्ष करावे. हाताने फुंकलेल्या नव्या काचेतही ते असतात.

साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तेथे काचेवर उमटलेली बारीक रेघ, बुडापासून नखाने चाचपत वर जावे. हाताने घडवलेल्या बाटलीचा ओठ साच्याबाहेर काढल्यावर निराळा घडवीत असल्याने शिवण मानेवरच विरते. ती ओठ ओलांडून तोंडाच्या कडेपर्यंत गेली असेल, तर बाटली यंत्रावरची आणि बहुधा विसाव्या शतकातली समजून खाली ठेवावी. ओवेन्स यांचे बाटल्या बनवणारे स्वयंचलित यंत्रच मुळी १९०३ च्या सुमाराचे आहे.

मात्र याचे उलट खरे नसते आणि नेमका येथेच मी फसलो. गडद निळ्या रंगाची, औषधाची एक बाटली केवळ शिवण मानेवर संपते म्हणून मी चढ्या भावाने घेतली आणि पुढे कळले की तिच्यावरची कंपनीच राणीच्या मृत्यूनंतर निघालेली होती. हातकाम १९०१ साली थांबले नव्हते. म्हणून शिवणीने फक्त नवी बाटली बाद करावी. काळ ठरवण्यासाठी अक्षरेच वाचावीत. ‘लिमिटेड’ असेल तर बाटली १८५५ च्या आधीची नाही. ‘आरडी’ या अक्षरांपुढे आकडा असेल तर ती १८८४ किंवा त्यानंतरची, कारण ब्रिटनमध्ये नोंदणीकृत नमुन्यांचे ते सलग क्रमांक त्या वर्षी सुरू झाले. गावाचे आणि कंपनीचे नाव मिळाल्यास त्या गावाच्या जुन्या व्यापारी सूचीत ते शोधल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

गोटी सोड्याच्या बाटलीबाबत दुप्पट सावध राहावे. हायरम कॉड यांची ही रचना १८७० च्या दशकातली असली, तरी भारतात अशा बाटल्या आजही वापरात आहेत.

धुण्यासाठी कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. कढत पाणी ओतू नये, काच तडकते. आतला दुधी थर घासूनही जात नसेल, तर तो मळ नसून खुद्द काचच झिजलेली असते आणि किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी.