काळं पीस म्हणजे कडकनाथ नव्हे: पैदाशीतल्या या चुका टाळा

दर दोन-चार आठवड्यांनी कुणीतरी फोनवर फोटो पाठवतं. काळाकुट्ट कोंबडा, तुरा लालभडक आणि खाली प्रश्न, "दादा, प्युअर कडकनाथ आहे ना?" कडकनाथ या कोंबडीच्या जातीची ओळख म्हणजे कातडी, तुरा, जीभ सगळं काळं. अहो, पिसांचा रंग वेगळा, कातडीचा वेगळा. ऑस्ट्रालॉर्प जातीचा कोंबडा काळाभोर दिसतो, पिसं काढली की पांढरा निघतो. सिल्की जातीची कोंबडी वरून पांढरीशुभ्र असली तरी आत काळी. कडकनाथातही जेट ब्लॅक, पेन्सिल आणि सोनेरी असे तीन प्रकार आहेत, म्हणजे सोनेरी झाक दिसली म्हणून पक्षी टाकून देणारेही चुकतातच. मी तुरा पाहतो, चोच उघडून जीभ पाहतो, मग पंखाखाली फुंकर मारून कातडी. तुरा लाल असेल तर जीभ बघायचे कष्टही घेत नाही.

नर कुठला आणि मादी कुठली, ही चूक मात्र मी स्वतः केलीय. सुरुवातीला कडकनाथच्या सहा कोंबड्यांवर घरचा दांडगा गावरान कोंबडा सोडला. काळा रंग जोरकस असतो, एवढंच ऐकलं होतं. पिल्लं वाढली तशी नर-मादी सगळी फिक्या कातडीची, कुठे कुठे शाईचे डाग पडल्यासारखी. पुढच्या वर्षी उलटं केलं, कडकनाथ नर आणि गावरान कोंबड्या. या खेपेला तलंगा (तरुण कोंबड्या) काळ्या आणि नर फिके! आईने निकाल दिला, शेजारचा कोंबडा कुंपणावरून आला असणार. दोन महिने शेजाऱ्याशी धड बोललो नाही.

शेजाऱ्याचा कोंबडा निर्दोष होता. कडकनाथची काळी कातडी देणारं जनुक प्रभावी असतं, हे खरंच. पण बहुतेक फिक्या पायांच्या कोंबड्यांत या काळेपणाला आवर घालणारं दुसरं जनुक असतं. तेही प्रभावी, आणि ते झेड या नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसलेलं. कोंबड्यांत नराकडे दोन झेड, मादीकडे एकच, आणि मादी तो फक्त मुलग्यांना देते. म्हणून गावरान आईचा आवर मुलग्यांकडे गेला, तलंगांना झेड मिळाला बापाचा, म्हणजे कडकनाथचा. पहिल्या वर्षी बापच गावरान होता, त्यामुळे आवर सगळ्यांच्याच वाट्याला आला. बेटसन आणि पनेट या इंग्रज आनुवंशिकी शास्त्रज्ञांनी सिल्की आणि ब्राऊन लेगहॉर्न या जातींच्या संकरात हेच पाहिलं होतं, 1911 च्या सुमारास. मला कळायला दोन हंगाम आणि एक शेजारी खर्ची पडला.

त्या काळ्या तलंगा बघून लोक हुरळतात आणि "एका पिढीत कडकनाथ" म्हणून विकतात. पण त्या तलंगांकडे काळेपणाचं जनुक एकच असतं, अस्सल कडकनाथसारखी दोन नाहीत. तसंच एक जनुक असलेल्या काळ्या नराशी जोड लावली की सरासरी चारातलं एक पिल्लू फिकं निघतं, आणि गिऱ्हाईक दारात येतं. नराची खात्री करायची तर तो फिक्या कातडीच्या कोंबड्यांवर सोडा आणि पिल्लांतल्या फक्त तलंगा बघा. एक जरी फिकी निघाली तरी नर बाद. आठही काळ्या निघाल्या की मी त्याला ठेवतो. एकच जनुक असलेला नर यातून सुटण्याची शक्यता 256 मध्ये 1. याला सहा महिने जातात. घाई असेल त्याने अंड्यांचा धंदा करावा.

नर बदलला आणि चौथ्या दिवशी उबवणीला अंडी ठेवली? ती पिल्लं जुन्या नराचीही असू शकतात. कोंबडीच्या पोटात वीर्य दोन-तीन आठवडे टिकतं. आमच्याकडे तेवढे दिवस रोज आम्लेट.

काळ्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका आणि पुढे पिसांवर आडवे पट्टे आले, तर कुठेतरी प्लायमाउथ रॉकसारख्या पट्टेरी जातीचं रक्त शिरलंय. पट्ट्याचं हे जनुक पायांचा काळेपणाही फिकट करतं. तेही प्रभावी आणि झेडवरच, म्हणून पट्टेरी आईची बिनपट्ट्याची काळी मुलगी या बाबतीत साफ असते. तिला आईच्या नावाने हाकलू नका.

काळी अंडी मागणाऱ्यांसाठी: कडकनाथचं अंडं फिकट तपकिरी असतं.

आणि पायात रिंग घाला हो. वहीत आई-बाप लिहा. "मला तोंडओळखीने कळतं" म्हणणाऱ्याच्या खुराड्यात तिसऱ्या पिढीला सगळेच एकमेकांचे मामा-भाचे असतात.