शेताच्या बांधावरील जैवविविधतेची नोंद कशी घ्यावी

दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात पिकाखालची जमीन दरवर्षी नांगरली जाते, फवारली जाते आणि हंगाम संपला की उघडी पडते. त्यामुळे वर्षभर टिकून राहणाऱ्या जीवांना हक्काची जागा उरते ती बांधावर, विदर्भात म्हणायचे तर धुऱ्यावर. या पट्टीवर संशोधन करू पाहणारे विद्यार्थी बहुधा थेट वनस्पतींची यादी करायला बसतात. यादी हवीच, पण तो बांध किती रुंद आहे, केव्हा पेटवला जातो आणि शेजारच्या पिकावर काय फवारले जाते हे लिहून ठेवलेले नसेल, तर त्या यादीवरून फारसा निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून येथे बांधाची हकीकत आधी आणि जीवांची मोजणी नंतर, असा क्रम ठेवला आहे.

बांध बहुधा दोन खातेदारांच्या सामायिक हद्दीवर असतो, तेव्हा परवानगी दोघांचीही घ्यावी आणि चौकशीही दोघांकडे स्वतंत्रपणे करावी. बांध शेवटचा कधी जाळला, तणनाशक मारतात का, गुरे चरतात का, गवत कापून नेतात का, वैरणीसाठी झाडांची छाटणी होते का, हे प्रश्न विचारावेत. बांध कोरण्याचा विषय मात्र जपून काढावा, कारण त्यावरून अनेक गावांत भाऊबंदकी पेटलेली असते. कोणी कोरला यात न पडता रुंदी आपणच मोजावी: दर दहा मीटरवर एक माप घ्यावे आणि हद्दीचा दगड किंवा जुने झाड अशी पक्की खूण धरून पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजावे. बांध नांगराच्या एकेका तासाने अरुंद होत जातो, आणि हा बदल केवळ नजरेने कळत नाही.

बांधांची निवड करताना हिरवेगार, झाडोऱ्याने भरलेले बांधच घेण्याचा मोह टाळावा. अरुंद व रुंद, मातीचे व दगडी, झाडे असलेले व नुसत्या गवताचे, असे सर्व प्रकार नमुन्यात यायला हवेत. एका बांधावर दहा ठिकाणी मोजणी केली म्हणून दहा नमुने होत नाहीत. तो एकाच बांधाचा नमुना राहतो. माश्या आणि फुलपाखरे लांबवर उडत असल्यामुळे निवडलेले बांध शक्यतो एकमेकांपासून किलोमीटरभर दूर असावेत.

वनस्पतींसाठी एक मीटर लांबी-रुंदीची चौकट पुरते. बांध त्याहून अरुंद असेल तर चौकटही अरुंद घ्यावी आणि क्षेत्रफळ तेवढेच ठेवावे. गवते तुऱ्यावर आल्याशिवाय खात्रीने ओळखता येत नाहीत, म्हणून मुख्य पाहणी पावसाळ्याच्या अखेरीस करावी. मारवेल, कुसळी, पवन्या आणि हराळी यांचे आच्छादन टक्क्यांत लिहावे. बाभूळ, बोर, निंब, हिवर, पळस अशी झाडे मात्र चौकटीत न मोजता संपूर्ण बांधावरची मोजावीत. गाजर गवत आणि घाणेरी यांसारख्या परदेशी वनस्पतींचा रकाना वेगळा ठेवावा, कारण केवळ प्रजातींची संख्या पाहिली तर तणांनी भरलेला बांध समृद्ध वाटण्याचा धोका असतो. वाळलेली लाकडे, दगडांचे ढीग, वारुळे आणि उघड्या मातीचे तुकडेही नोंदवावेत.

वाळलेल्या लाकडावर मी आग्रह धरतो त्याचे कारण तुरीच्या फुलात दिसते. तूर प्रामुख्याने स्वपरागणाने शेंगा धरते, तरी तिच्या फुलांवर मोठ्या माश्या येतात आणि परपरागणही घडते. यांपैकीच एक असलेला काळा मोठा भुंगा फुलावर उतरला की त्याच्या वजनाने खालच्या पाकळ्या दबतात, आतले पुंकेसर बाहेर येतात आणि पराग त्याच्या अंगाला लागतो. हा भुंगा घर करतो ते वाळक्या लाकडात पोखरलेल्या बोगद्यात. बांधावरची वाळकी फांदी सरपणाला गेली तर त्याचे घरही गेले. जमिनीत बिळे करणाऱ्या माश्यांना तशीच न नांगरलेली, उघडी माती लागते.

फुलपाखरांसाठी ब्रिटनमध्ये अर्नेस्ट पोलार्ड यांनी विकसित केलेली आणि तेथील राष्ट्रीय गणनेत 1976 पासून वापरली जाणारी पद्धत आपल्याकडेही सहज चालते. ठरलेल्या वाटेने संथ, एकसारख्या गतीने चालावे आणि आपल्या पुढे व दोन्ही बाजूंना मिळून पाच मीटरच्या काल्पनिक चौकोनात जे येईल तेवढेच मोजावे. ढगाळ हवेत किंवा जोराच्या वाऱ्यात मोजणी करू नये. उडणाऱ्या फुलपाखरांबरोबर अळ्याही पाहाव्यात: रुईच्या पानावर काळे, पांढरे आणि पिवळे पट्टे असलेली, अंगावर मऊ शिंगांच्या तीन जोड्या मिरवणारी अळी दिसली, तर त्या अळीचे फुलपाखरू बांधावर नुसते येऊन गेले नसून तेथे वाढते आहे, असे लिहिता येते. मधमाश्यांमध्ये आग्या, सातेरी आणि फुलोरी वेगळ्या ओळखाव्यात. बाकीच्या माश्या प्रजातीपर्यंत ओळखता येत नसतील तर गटाने नोंदवाव्यात, अंदाजाने नाव देऊ नये.

जमिनीवरचे भुंगेरे आणि कोळी यांच्यासाठी प्लास्टिकचे पेले सापळे म्हणून जमिनीत पुरावेत. पेल्याची कड मातीच्या पातळीच्या किंचितही वर राहिली तर कीटक वळसा घालून जातात, म्हणून माती हाताने दाबून कड सपाट करावी. वर चार खड्यांवर खापरी टेकवली की पाऊस आत जात नाही. एक पेला बांधावर आणि पुढचे पिकात 10, 25 व 50 मीटरवर, अशी रांग लावावी. मित्रकीटक, म्हणजे पिकावरच्या किडी खाणारे कीटक, बांधावरून पिकात किती आतपर्यंत जातात हे या रांगेशिवाय समजत नाही. सापळ्यांत जीव मरतात, तेव्हा ते गरजेपुरतेच आणि ठरलेल्या मुदतीपुरतेच ठेवावेत. दगड हाताने उचलू नयेत. घोणस आणि फुरसे बांधावरच असतात.

पक्ष्यांची नोंद सकाळी लवकर घ्यावी आणि खाटीक, वेडा राघू, कोतवाल किंवा चंडोल बांधावर काय करत होता, टेहळणी की घरटे, हेही लिहावे.

विश्लेषणात प्रत्येक बांधावर झालेली मोजणी पुरेशी आणि तुलनेजोगी होती का, हे प्रजाती-संचयाच्या आलेखाने (मोजणी वाढत गेली तशा नव्या प्रजाती किती सापडत गेल्या, हे दाखवणारा आलेख) आधी तपासावे आणि मगच शॅनन निर्देशांकासारखी (प्रजातींची संख्या आणि त्यांचे प्रमाण मिळून विविधता सांगणारी) मापे काढावीत. परदेशी निष्कर्ष तसेच्या तसे उचलू नयेत. इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशायरमधील हिल्सडेनच्या प्रयोगात 8 टक्क्यांपर्यंत जमीन वन्यजीवांसाठी सोडूनही एकूण उत्पादन घटले नाही, असे 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. तो सुमारे 900 हेक्टरचा एकच मळा होता. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याला एक मीटर बांध सोडणे कितपत परवडते, हे येथेच, येथील पिकांवर आणि येथील उत्पन्नावर मोजावे लागेल.

काम संपल्यावर मराठी व स्थानिक नावांसह यादीची एक प्रत दोन्ही शेतकऱ्यांना द्यावी. जैवविविधता कायदा, 2002 नुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जीवांची नोंद असलेली वही, ठेवायची असते. दुसरी प्रत त्या नोंदवहीसाठी समितीकडे द्यावी, आणि त्या प्रतीत बांधाची मोजलेली रुंदी तारखेसह लिहिलेली असावी.