आपण बदललो, कपाट तेच राहिलं: कपड्यांची फेरजुळणी कशी करावी

निवृत्तीनंतर, बाळंतपणानंतर, जोडीदार गेल्यावर, किंवा आजवर ज्या लिंगओळखीत वावरलो ती आपली नव्हेच हे उमगल्यावर असा काळ येतो की कपाट भरलेलं असतं आणि त्यातलं काहीच आपलं वाटत नाही. मग जुनं सगळं वाटून टाकायचं आणि त्याच आठवड्यात नवं आणायचं, असं बहुतेकांच्या हातून होतं. ते नवं त्या आठवड्यातल्या मनःस्थितीतून निवडलेलं असतं, म्हणून तीन महिन्यांत तेही परकं होतं. आधी नीट पाहावं, मग शिंप्याकडे जावं, मग रंगाचं बघावं आणि खरेदी सगळ्यात शेवटी करावी.

पाहणं

सहा ते आठ आठवडे काही विकत घेऊ नका आणि काही देऊनही टाकू नका. कपाटातली एक फळी रिकामी करा. घातलेला प्रत्येक कपडा धुऊन आला की त्याच फळीवर ठेवायचा. जुन्या जागी काय पडून राहतं ते आपोआप दिसतं. सोबत एका वहीत तीन नोंदी ठेवा: कपडा कुठे घातला, दिवसभरात तो कितीदा आणि कुठे ओढून सारखा करावा लागला, आणि घरी आल्यावर किती वेळात उतरवला. तिसरी नोंद सगळ्यात खरी असते. हे भर पावसाळ्यात करू नये, कारण तेव्हा रेशीम आणि फिके रंग तसेही बाहेर निघत नाहीत आणि हिशेब चुकतो.

नोंदी वाचताना एक फरक काटेकोरपणे करा. कपडा एकाच जागी पुन्हा पुन्हा ओढावा लागत असेल तर दोष मापाचा आहे. कुठे काचत नाही, ओढावा लागत नाही, तरी घालावासा वाटत नाही, तिथे तुम्ही बदललात. या दोन गोष्टींची फार गल्लत होते. ‘मी आता साडीतली राहिले नाही’ असं म्हणणाऱ्या कितीतरी जणींचा साडीशी काहीच वाद नसतो. त्यांच्या ब्लाउजचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो खांद्या-काखेभोवतीचा भाग, काचत असतो. उलट, मापात अगदी चोख बसणारा शर्ट केवळ ‘चांगला आहे’ म्हणून वर्षानुवर्षं अंगावर चढत राहतो.

जे खरोखर नकोसं झालं आहे त्याचा नेमका कोणता भाग नको, तेही लिहा: गळा, बाहीची लांबी, घेर, रंग, कापडाची सळसळ, की ज्या प्रसंगाची तो आठवण देतो तो प्रसंग. ‘हा कुर्ता नको’ यातून शिंप्याला काही कळत नाही. ‘बाही कोपराखाली दोन इंच हवी’ यातून कळतं.

शिंप्याकडे जाण्याआधी आणि गेल्यावर

आधी मापं नव्याने घ्या. पातळ कपड्यावरून, श्वास रोखून न धरता, टेप आणि अंग यांत एक बोट राहील अशा बेताने खांदा, छाती, कंबर, सीट (नितंबांचा घेर), दंड, मुंढ्याचा घेर आणि उंची घ्या. तीन-चार वर्षांपूर्वीच्या ब्लाउजवरून ‘याच मापाचा’ असं सांगून कापड देणं टाळा. अंग पुढे गेलेलं असतं आणि माप मागे राहिलेलं असतं.

कपड्यातून किती निघेल हे उलटा करून पाहिल्यावरच कळतं. चांगला शिंपी ब्लाउजच्या बाजूच्या शिलाईत पुढच्या आणि मागच्या भागाला एकेक इंच माया, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, सोडतो. दोन्ही बाजू मिळून चार इंच होतात. काठाला थोडी ठेवावीच लागते, म्हणून हाती तीन इंच धरा. रेडीमेड कपड्यात माया जेमतेम अर्धा इंच असते, कधी तीही नसते, तिथे सैल करण्याच्या भानगडीत पडू नये. जुन्या सुती कपड्यात आणखी एक अडचण येते: आत दडलेली माया मूळ रंगाची आणि बाहेरचा भाग विटलेला, त्यामुळे शिलाई उसवल्यावर गडद पट्टा दिसतो. रेशमावर सुईची जुनी छिद्रंही राहतात. म्हणून रेशमी कपडा उसवायला देण्याआधी शिलाईचे दोन-तीन टाके उसवून, पाण्याचा हलका हात लावून आणि कमी उष्णतेची इस्त्री फिरवून छिद्रं बुजतात का ते पाहावं.

हात वर केला की अख्खा ब्लाउज किंवा कुर्ता वर चढतो, ही नेहमीची तक्रार. त्यावर मुंढा खाली कापून घेतात आणि त्रास वाढतो, कारण मुंढा जितका खोल तितका हाताबरोबर कपडा जास्त ओढला जातो. त्याऐवजी काखेत साधारण तीन इंची चौकोनी तुकडा तिरका बसवून घ्या, एक कोपरा बाजूच्या शिलाईवर आणि समोरचा बाहीच्या शिलाईवर येईल असा. हात मोकळा होतो आणि बाकी कपडा जागच्या जागी राहतो.

गळा मोठा करता येतो, लहान करायचा तर पट्टी किंवा तुकडा लागतो. रुंद केला की खांदे घसरतात, तिथे पाठीमागे नाडी द्यावी. खांदा स्वतः मोठा करता येत नाही. लहान करायचा तर बाही काढून पुन्हा बसवावी लागते, आणि ती मजुरी साध्या कुर्त्यासाठी परवडत नाही. पँटची कंबर मागच्या शिलाईतून इंचभर सैल होते. घट्ट करताना दोन इंचांच्या पुढे गेलात तर मागचे खिसे एकमेकांना येऊन भिडतात.

ऑफिसचे शर्ट नकोसे झालेल्यांसाठी एक बदल आम्ही आवर्जून सुचवतो: कॉलरचं वरचं पान उसवून काढायचं आणि खालची उभी पट्टी तेवढी ठेवून शिलाई बंद करायची. शर्टाचा रोख एकदम बदलतो. बाह्या पाऊण करून घेतल्या तर तोच शर्ट जाकिटाखाली कुर्त्यासारखा चालतो. पानाखाली दडलेली पट्टी विटलेली नसते आणि गडद शर्टावर वेगळी दिसते, म्हणून हे फिक्या किंवा पांढऱ्या शर्टावर आधी करावं.

लिंगओळख बदलून घेणाऱ्यांची मापाची अडचण वेगळी असते. पुरुषी शर्ट सीटवर अडतो आणि खांद्यावर लोंबतो. बायकी कुर्ता खांद्यात काचतो आणि छातीत झोळ पडतो. दोन्हीकडे सरळ कटाचा, टक्स (आकारासाठी घातलेल्या चिमट्या) नसलेला, सीटच्या वरून दोन्ही बाजूंना चिरा असलेला कुर्ता सोपा पडतो. खांद्याच्या मापाने घ्या, घेराचं काम चिरा करतात.

साडीचं काय करायचं

पाचवारीचं कापड साधारण साडेपाच मीटर, ब्लाउजपीस वेगळा. गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याला साडीच्या पन्ह्यात अडीच मीटर पुरतं, म्हणजे एका साडीत कुर्ता होऊन ओढणीही निघते. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते. तिची पाचवारी केली तर पावणेतीन मीटर उरतं. कापायचं ते पदराच्या विरुद्ध टोकाकडून.

कात्री लावण्याआधी कापड उजेडासमोर धरा आणि घडीच्या रेषेजवळ दोन अंगठ्यांनी हलकेच ताणा. धागे सरकले किंवा विरळ झाले तर त्याचा कुर्ता शिवू नका, बसताना पाठीत फाटेल. सुती अस्तर लावून त्याची ओढणी किंवा उशीचा अभ्रा होतो. हातमागाच्या पैठणीला मात्र निदान एक वर्ष कात्री लावू नये. मन पुन्हा बदलतं आणि कापलेली पैठणी जोडता येत नाही.

रंग

आकार आवडतो आणि रंगच नको, असं असेल तर कपडा रंगवा. दोन मर्यादा लक्षात ठेवा. रंग फक्त गडद होत जातो आणि आधीच्या रंगात मिसळतो, पिवळ्यावर निळा चढवला तर हिरवा येतो. शिवाय शिलाईचा दोरा बहुधा पॉलिस्टरचा असतो, तो रंग घेत नाही आणि मूळ रंगात दिसत राहतो.

सुती कुर्त्याला उकळावं न लागता थंड-कोमट पाण्यात चढणारा रिॲक्टिव्ह रंग वापरा. कोरडा कुर्ता २५० ग्रॅम असेल तर मध्यम छटेसाठी ७ ते ८ ग्रॅम रंग, ५ लिटर कोमट पाणी, २५० ग्रॅम मीठ आणि ७५ ग्रॅम धुण्याचा सोडा. खाण्याचा सोडा चालत नाही. कुर्ता आधी धुऊन ओलाच ठेवा. रंग आणि मीठ पाण्यात पूर्ण विरघळवून मग कुर्ता त्यात बुडवा आणि वीस मिनिटं सतत हलवा. सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून, कुर्ता बाजूला सारून, तीन हप्त्यांत घाला आणि पुढे तासभर अधूनमधून हलवत राहा. मग थंड पाण्यात खळबळा आणि शेवटी कडक गरम साबणपाण्यात धुवा. डाग पडतात ते बहुधा भांडं लहान असल्यामुळे किंवा सोडा थेट कपड्यावर पडल्यामुळे. भांडं स्टीलचं किंवा प्लास्टिकचं घ्या, ॲल्युमिनियमला सोडा खातो, आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. भुकटी हाताळताना हातमोजे आणि मास्क हवेतच. रेशमाला सोडा बाधतो, ते रंगाऱ्याकडेच द्यावं. पॉलिस्टर या रंगात रंगत नाही.

माणसांमध्ये

बदल एकेका जागी आणा: आधी घरात, मग मंडईत, मग कामावर, लग्नकार्यात सगळ्यात शेवटी. लग्नात नातेवाईक एकदम भेटतात आणि तुम्हाला अजून न सुचलेली उत्तरं मागतात. घरच्या वडीलधाऱ्यांना कारणं देत बसण्यापेक्षा ‘आई, मला यात बरं वाटतं’ एवढं पुरतं. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो.

काहींसाठी हा नुसता आवडीचा प्रश्न नसतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं. एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठी नेलेल्या खटल्यात) सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि ती पेहरावातून व्यक्त करणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचं म्हटलं. कामाच्या ठिकाणी लेखी अर्ज करावा लागला तर या निकालाचा उल्लेख करा.

खरेदी आणि उरलेलं गाठोडं

नवं घेताना कपाटातल्या तीन कपड्यांसोबत जमेल तेच घ्या. दुकानातल्या दिव्यांवर विसंबू नका, कापड दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात चेहऱ्याजवळ धरा. मांडी घालून बसून पाहा. सुती कापड शिवायला देण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात उंची कमी होते.

ज्यांचा निर्णय होत नाही ते कपडे स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, जुन्या मऊ सुती धोतरात बांधा आणि गाठोड्यावर तारीख लिहा. जरीला डांबराच्या गोळीचा स्पर्श होऊ देऊ नका, ती काळी पडते. दर तीन महिन्यांनी घडी बदला, तीच ती रेषा राहिली की रेशीम तिथेच विरतं. वर्षभरात गाठोडं फक्त घडी बदलायलाच उघडलं असेल, तर त्यातले कपडे ज्याला हवे असतील त्याला विचारून द्या, आणि देण्याआधी तुटलेली हुकं, बटणं लावून द्या.