दिवसातून तीनदा म्हणजे साधारण आठ-आठ तासांनी

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधापुढे ‘दिवसातून तीनदा’ असतं आणि आपण सकाळी नऊ, दुपारी एक, रात्री आठ असं उरकतो. मग रात्री आठ ते सकाळी नऊ असे तेरा तास औषध पोटात जातच नाही. अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचं रक्तातलं प्रमाण साधारण तासा-सव्वातासात निम्मं होतं, त्यामुळे एवढ्या वेळात ते जवळपास संपलेलं असतं आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा ही वेळ कितीतरी बरी. अर्थात जेवणाशी बांधलेली औषधं जेवणाबरोबरच घ्यायची.

याउलट थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन. तिचं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस लागतात, म्हणून ती दिवसातून एकदाच पुरते. पण पातळी स्थिर व्हायला ‘निम्मं’ होण्याचे असे चार-पाच काळ, म्हणजे चार-पाच आठवडे, जावे लागतात. म्हणूनच डोस बदलल्यावर डॉक्टर टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची) तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी सांगतात. आठवड्याभरात फरक दिसला नाही म्हणून कृपा करून गोळी सोडू नका.

डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका. काय करायचं ते औषधागणिक बदलतं, फार्मासिस्टला फोन करा. आणि हळूहळू विरघळणारी गोळी चुरू नका, दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं.