चाळिशीनंतर रेड डॉट घेताय? आधी या चुका टाळा

परभणी जिल्ह्यात आमच्या शेतातल्या आखाड्यावर रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण एअर रायफल आणि पिस्तुलाने १० मीटरवर नेमबाजी करतो. आमच्याकडे आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे, तर शेतातला गोठा आणि त्याला लागून असलेली पत्र्याची शेड. सगळे पन्नाशीच्या पुढचे. एसटीतून निवृत्त झालेले एक मामा गेल्या हिवाळ्यात नवा रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी नेम धरायची साइट, घेऊन आले आणि वैतागून म्हणाले, "गुरुजी, हेबी फुटकंच निघालं बघा. ठिपका गोल दिसंना, मिरचीवानी दिसायलाय." पहिला त्यांनी परत पाठवला होता, हा दुसरा.

मी तो रायफलवरून काढला आणि मामांच्या हातात दिला. म्हटलं, समोरच्या भिंतीकडे बघत हा पाव फेरा फिरवा. त्यांनी फिरवला. साइट आडवी झाली, पण मिरचीचं देठ होतं तिकडेच राहिलं. मग मान खांद्याकडे कलती करायला सांगितली. आता साइट स्थिर होती आणि देठ मानेबरोबर कललं. शेवटी मोबाइल काचेमागे धरून फोटो काढला. फोटोत ठिपका नीट गोल आला. दोन्ही साइट चांगल्या होत्या, दोष मामांच्या डोळ्यात होता. या वयात रेड डॉट घेणाऱ्यांची पहिली आणि सर्वांत महागडी चूक हीच: डोळे न तपासता साइट बदलत राहणं.

ठिपका फाटलेला, शेपटीचा किंवा द्राक्षाच्या घडासारखा दिसतो

याचं नेहमीचं कारण म्हणजे दृष्टिवैषम्य, ज्याला चष्म्याच्या दुकानात 'सिलिंडरचा नंबर' म्हणतात. डोळ्याचा पुढचा पडदा सगळीकडून सारखा गोलाकार नसला की प्रकाशाचा बारीक बिंदू एका दिशेने ओढला जातो. वर्तमानपत्र वाचताना हे खपून जातं. काळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल बिंदूत मात्र ते लगेच उघडं पडतं.

बसस्टँडवर किंवा बाजारात मिळणाऱ्या तयार चष्म्यात सिलिंडरचा नंबर नसतोच. म्हणून तो चष्मा लावून साइट पारखू नका. साइट फिरवल्यावर शेपटी साइटबरोबर फिरली तर साइट सदोष आहे, बिनधास्त परत करा. शेपटी जागच्या जागी राहिली तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

आणखी एक सोपी कसोटी आहे. जाड पुठ्ठ्याला सुईने एक बारीक छिद्र पाडा आणि त्यातून ठिपका बघा. छिद्रातून तो गोल आणि रेखीव दिसला तर गोष्ट नंबराची आहे, योग्य चष्म्याने सुटेल. छिद्रातूनही तो धूसरच राहिला तर मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्याचा काही त्रास असू शकतो, तपासणी लांबवू नका. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. डोळ्यांसमोर अचानक वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके तरंगायला लागले किंवा दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नेमबाजी नंतर होईल.

मधुमेह असणाऱ्यांसाठी एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो. साखर वरखाली होत असताना चष्म्याचा नंबरही बदलतो. साखर काही आठवडे आटोक्यात आल्यावरच नंबर काढा. नाहीतर नवा चष्मा महिन्याभरात परका वाटायला लागतो.

चष्मा चुकीचा

चाळिशी लागते म्हणजे डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं दिसायला त्रास होतो. उघड्या साइटवर नेम धरताना मागची खाच, पुढची माशी (नळीच्या टोकावरचा खुंट) आणि लक्ष्य अशा तीन वेगवेगळ्या अंतरांवर नजर जुळवावी लागते. तरुण डोळा एका क्षणात एकीवरून दुसरीवर जातो, आपला जात नाही. रेड डॉटमध्ये बारीक दिव्याचा प्रकाश वक्र काचेवरून परत येतो आणि ठिपका लांब, लक्ष्याच्याच पातळीवर असल्यासारखा दिसतो. म्हणून आपल्यासारख्यांना त्याची मदत होते.

ठिपका लांब दिसत असल्यामुळे चष्माही लांबचाच हवा. वाचायचा चष्मा लावून रेड डॉटमधून बघितलं की ठिपका आणि लक्ष्य दोन्ही धूसर होतात, आणि माणूस साइटला दोष देतो. यात एक बारकी गफलत मी स्वतः केली. पिस्तुलाची माशी स्पष्ट दिसावी म्हणून मी लांबच्या नंबरात अधिक पाऊण टाकून खास चष्मा करून घेतला होता. उघड्या साइटसाठी तो बरोबर होता. पुढे रेड डॉट आला आणि मी तोच चष्मा लावत राहिलो. दोन महिने ग्रुप, म्हणजे कागदावरचा छर्ऱ्यांचा घोळका, पसरत होता आणि मी छर्रे बदलत होतो. रेड डॉटला लांबचा साधा नंबर पुरतो, वर काही मिळवायचं नाही.

बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह चष्म्याचं दुखणं निराळं आहे. पिस्तूल धरताना हनुवटी जरा वर गेली की नजर खालच्या, जवळच्या भागातून जाते आणि ठिपका विरघळतो. रायफलला गाल दस्त्यावर टेकतो, मान पुढे झुकते आणि नजर काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते. तिथे मधल्या भागाइतकं स्वच्छ दिसत नाही. यावर स्वस्त उपाय आहे. लांबच्या नंबराचा, सिलिंडरसकट, मोठ्या काचेचा एक वेगळा चष्मा करून घ्या आणि काच पॉलिकार्बोनेटची मागा. छर्रा कठीण जागेवर आपटून उलटा येऊ शकतो, त्यामुळे डोळ्यासमोर न फुटणारी काच हवीच. चष्मा करायला जाताना आपण मान कशी धरतो ते दुकानदाराला तिथेच उभं राहून दाखवा.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तुर्कीच्या युसुफ दिकेचने वयाच्या ५१ व्या वर्षी १० मीटर एअर पिस्तूल मिश्र सांघिक प्रकारात रौप्यपदक जिंकलं, तेही रोजच्या साध्या चष्म्यावर. याच प्रकारात मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी आपल्याला कांस्य मिळवून दिलं. माशी नीट दिसावी म्हणून या वयात काय काय करावं लागतं हे आता कळतं, त्यामुळे दिकेचचं मला मनापासून कौतुक वाटतं.

नजर ठिपक्यावर

जुन्या नेमबाजांना ही सवय मोडायला सगळ्यांत जड जाते. वर्षानुवर्षं 'नजर माशीवर ठेव' हेच शिकलेलं असतं. रेड डॉटमध्ये नेमकं उलटं करायचं: नजर लक्ष्यावर आणि ठिपका त्यावर तरंगू द्यायचा. ठिपक्याकडे टक लावून बघितलं की तो थरथरताना दिसतो आणि आपण त्या थरथरीच्या मागे धावत चाप ओढतो. दोन्ही डोळे उघडे ठेवा. दुसऱ्या डोळ्याची प्रतिमा आड येत असेल तर तो मिटण्याऐवजी चष्म्याच्या त्या काचेवर पांढरट चिकटपट्टी लावा. एक डोळा घट्ट मिटला की दुसऱ्यावरही ताण येतो. सहा-सात सेकंदांत बार झाला नाही तर बंदूक खाली घ्या, पापण्या मिटा, पुन्हा उचला. मार्च ते मे आमच्याकडे झळा लागतात तेव्हा उतारवयाचे डोळे पटकन कोरडे पडतात, मग हे आणखीच पाळावं लागतं.

उजेड जास्त ठेवणं

पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहून उन्हातल्या लक्ष्यावर नेम धरला की ठिपका फिका पडतो. मग माणूस ठिपक्याचा उजेड पूर्ण वाढवतो आणि नंतर सावलीतही तसाच ठेवतो. उजेड जितका जास्त, तितका दृष्टिवैषम्याचा पसारा मोठा. जेमतेम दिसेल इतकाच ठेवा. मामांची मिरची चष्मा येण्याआधी नुसता उजेड दोन पायऱ्या खाली केल्यावर निम्मी झाली होती. साइट घेताना उजेडाच्या पायऱ्या किती आहेत हे विचारा, आणि सर्वांत कमी पायरी खरोखर मंद आहे का ते दुकानाच्या सावलीत बघा. हिरवा ठिपका काहींना अधिक स्पष्ट दिसतो, काहींना लालच बरा. दोन्ही रंगांची साइट मिळत असेल तर ती घ्या आणि आपल्या डोळ्याला ठरवू द्या.

ठिपक्याचा आकार न बघता घेणं

खोक्यावर २, ३ किंवा ५ एमओए (मिनिट ऑफ अँगल, कोनाचं माप) लिहिलेलं असतं. १ एमओए म्हणजे १० मीटरवर साधारण २.९ मिलिमीटर. म्हणजे २ चा ठिपका तिथे ६ मिलिमीटरच्या आसपास झाकतो आणि ५ चा साडेचौदा. १० मीटर एअर पिस्तुलाच्या कागदावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आणि काळा भाग ५९.५ मिलिमीटरचा असतो, तिथे ३ चा ठिपका छान बसतो. एअर रायफलच्या कागदावर दहाचा बिंदू जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. त्यावर कुठलाही रेड डॉट लावला तरी तो झाकलाच जाणार. रायफलवर रेड डॉट वापरायचा असेल तर पिस्तुलाचा कागद लावा, जीव रमतो.

लक्ष्य मोठं दिसेल या आशेने रेड डॉट घेऊ नका. त्यात काहीही मोठं होत नाही. तो लक्ष्यावर प्रकाशही टाकत नाही, ते काम लेझरचं, आणि लेझर डोळ्याला घातक असतो.

बसवण्यातल्या चुका

दोन-तीन हजारांच्या साइटमध्ये सगळ्यांत कच्ची गोष्ट म्हणजे तिची पकड. आपल्याकडच्या बहुतेक नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या एअर रायफलींवर ११ मिलिमीटरची खोबण असते आणि साइटबरोबर बहुधा २१ मिलिमीटरच्या रुंद पट्टीची पकड येते. मागवण्याआधी व्हर्निअरने मोजा. अडॅप्टर लावला की साइट उंच होते, गाल दस्त्यावरून सुटतो आणि डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो. आम्ही दस्त्याला जुन्या सतरंजीचा तुकडा गुंडाळून गालाची उंची जुळवली आहे.

डोळा जागेवर नसला की काय होतं? लांबच्या अंतरासाठी जुळवलेल्या साइटमध्ये डोळा काचेच्या मध्यापासून ५ मिलिमीटर सरकला तर १० मीटरवर नेमही ४ ते ५ मिलिमीटर सरकतो. ठिपका लक्ष्यावर दिसतोय म्हणून नेम बरोबरच आहे असं १० मीटरवर समजू नका. ठिपका काचेच्या मधोमध ठेवा.

स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे धक्का देते. या दुहेरी धक्क्याने साइट खोबणीत हळूहळू सरकते. स्क्रू आवळल्यावर साइट आणि खोबण यांच्यावरून नेलपॉलिशची एक सलग रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की साइट हललेली आहे, मग झिरो (नेम तिथेच छर्रा लागेल अशी जुळवणी) शोधत बसण्यात अर्थ नाही. विक्रेत्याला 'स्प्रिंगच्या एअर रायफलवर चालेल का' हे लेखी विचारा. एका विक्रेत्याने मला तोंडी 'सगळ्यावर चालतं' सांगितलं आणि तिसऱ्या आठवड्यात आतला दिवा बंद पडला. लेखी काही नसल्यामुळे पैसे गेले.

झिरो करताना दस्त्याच्या पुढच्या भागाखाली ज्वारीची पोटली ठेवा, पाच बार करा आणि पाचांचा मध्य धरून मगच स्क्रू फिरवा. स्क्रूवरचा बाण छर्रा कुठे जाईल ते दाखवतो, ठिपका कुठे जाईल ते नाही. स्क्रूच्या एका टिकीला (फिरवताना 'टिक' वाजते ती एक पायरी) १ एमओए असेल तर १० मीटरवर ३ सेंटिमीटर वर जायला दहा टिक्या लागतात. टिक्या संपूनही छर्रा मध्यावर येत नसेल तर साइट तिरकी बसली आहे, काढून पुन्हा बसवा.

बॅटरी बहुधा सीआर २०३२ असते. एक जास्तीची जवळ ठेवा आणि वापर नसताना काढून ठेवा. मे महिन्यात साइट गाडीत किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. सोयाबीनच्या राशीची धूळ काचेवर बसली तर आधी फुंकणीने उडवा, गमछाने घासू नका.

स्पर्धेचा विचार असेल तर

१० मीटरच्या आंतरराष्ट्रीय नियमांत रेड डॉट चालत नाही. रायफलला छिद्राची मागची साइट चालते, आणि बारीक छिद्रामुळे जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट होत असल्याने आपल्या वयाला ती फार सोयीची आहे. पिस्तुलाला उघडीच साइट लागते, पण चष्म्यावर लावायची आयरिस (छिद्र लहान-मोठं करता येणारी चकती) चालते. ती घेण्याआधी चष्म्याच्या काचेवर काळी चिकटपट्टी लावून त्यात दीड-दोन मिलिमीटरचं छिद्र पाडून बघा. माशी कशी उठून दिसते ते तिथल्या तिथे कळेल.

आणि कायद्याचं: ४.५ मिलिमीटरपर्यंतची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल आपल्याकडे विनापरवाना मिळते. बिल जपून ठेवा, आणि लक्ष्याच्या मागे मातीचा जाड बांध असल्याशिवाय शेतात एकही बार करू नका.

मामांच्या उजव्या डोळ्याला सिलिंडरचा सव्वाचा नंबर निघाला. नवा चष्मा लावून ते पहिल्यांदा आले तेव्हा साइट तीच होती, पोटली तीच होती. काचेतून बघत थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, आता वाटाण्यावानी दिसायलाय." त्यांनी परत पाठवायला बांधून ठेवलेला खोका तसाच शेडच्या फळीवर आहे, त्यात आता आम्ही छर्रे ठेवतो.